कोरड्या मुलखातून ओल्या थंडीत

जळगाव-धुळ्याकडून जर्मनीला निघालेल्या पोराची बॅग भरताना घरात एकच धास्ती असते, थंडीची. आई दोन स्वेटर कोंबते, मामा कानटोपी आणून देतो, कोणीतरी रस्त्याकडेच्या तिबेटी स्टॉलवरून जाड जॅकेट घेऊन येतं. माया खरी, पण रोख चुकतो. तिथल्या थंडीचा बंदोबस्त तिथली घरं, बस आणि दुकानं आधीच करून बसलेली असतात. खोलीत २०-२१ अंश असतात. एवढी ऊब जानेवारीतल्या पहाटे शिरपूरच्या घरात नसते. छळतो तो ओलावा: भिंतीच्या कोपऱ्यातला, कपड्यांतला, फुटपाथवरचा, गाडीच्या काचेवरचा. मे महिन्यात ४५ अंश सोसणारी आपण माणसं, पण आपला उन्हाळा कोरडा आणि हिवाळाही कोरडाच. ओल सांभाळायची सवय घरात कोणाला नसते. जर्मनीत राहणारे आम्ही खानदेशी लोक नव्याने आलेल्यांना दर ऑक्टोबरात त्याच त्या गोष्टी फोनवर सांगत बसतो, त्या एकदा सविस्तर लिहितो.

बहुतेक विद्यार्थी सप्टेंबरअखेरीस उतरतात, कारण हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. तेव्हा बाहेर १०-१२ अंश असतात, पानं पिवळी पडलेली असतात आणि हीटर नुकते सुरू झालेले असतात. भाड्याच्या इमारतींत साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा घर गरम ठेवण्याचा मोसम धरतात. तळघरातला बॉयलर सगळ्या घरांना गरम पाणी पुरवतो आणि ते खिडकीखालच्या रेडिएटरमधून फिरतं. रेडिएटरच्या बाजूला १ ते ५ आकड्यांची मूठ असते. हे आकडे तापमानाचे आहेत, वेगाचे नव्हेत. ३ म्हणजे साधारण २० अंश, मागचा-पुढचा प्रत्येक आकडा चारेक अंशांचा, आणि बर्फाच्या फुलाची खूण म्हणजे नळीतलं पाणी गोठू नये इतपत, सहाएक अंश. आपल्या हाताला पंख्याच्या रेग्युलेटरची सवय, त्यामुळे गार खोलीत शिरलं की मूठ थेट ५ वर जाते. त्याने खोली लवकर तापत नाही. तापायला तेवढाच वेळ लागतो, फक्त ती २० वर न थांबता २८ कडे चालू लागते. मग घाम येतो, मग खिडकी उघडते, आणि वर्षभराने बिल येतं. एक अंश कमी ठेवला तर गरम करण्याचा खर्च साधारण सहा टक्क्यांनी उतरतो, असा तिथला सर्वमान्य हिशेब आहे.

मूठ पडद्याआड किंवा पलंगामागे जाऊ देऊ नका. तिच्या आत तापमान ओळखणारा भाग असतो. पडद्यामागे कोंडलेली गरम हवा त्याला लागली की खोली तापली असं समजून तो पाणी बंद करतो, आणि आपण मात्र गारठत बसतो. ऑक्टोबरात रेडिएटर मुळीच तापत नसेल तर दोन कारणं आधी तपासायची. पहिलं, उन्हाळाभर बंद राहिल्याने मुठीच्या आतली बारीक पिन अडकते. मूठ पूर्ण उघडून तिची रिंग सोडवायची आणि मूठ काढून घ्यायची. आत दिसणारी पिन एखाद्या सपाट वस्तूने हलकेच आत दाबायची, ती स्वतःहून परत बाहेर यायला हवी. पक्कडीने ओढायची नाही. ती निघून आली तर खोलीत पाणी. (उन्हाळ्यात मूठ ५ वर ठेवून दिली तर ही भानगडच होत नाही, बॉयलर बंद असल्याने खर्चही नाही.) दुसरं कारण, आत अडकलेली हवा. रेडिएटर खालून गरम, वरून गार, आणि आत गुडगुड आवाज, असं असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी स्क्रूला छोटी किल्ली लावायची. ती हार्डवेअरच्या दुकानात एक-दोन युरोत मिळते. खाली पेला धरून स्क्रू अर्धा फेरा डावीकडे फिरवायचा. आधी फुस्स आवाज येतो, मग पाण्याची धार येते. धार सलग झाली की बंद. शेजारपाजारच्या सगळ्यांचेच रेडिएटर गार असतील तर हात लावू नका, इमारतीच्या देखरेखवाल्याला कळवा.

आता हवेचं. ही गोष्ट एकदा नीट समजली तर निम्मा हिवाळा सोपा जातो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आपल्याकडे एप्रिलमध्ये कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर अंग चिकट करतो, कारण हवेत आणखी पाणी मावत नाही. जर्मनीतल्या खोलीचं गणित हेच, फक्त उलट्या बाजूने. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी मावतं. शून्य अंशाच्या हवेत ५ ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून बाहेर धुकं असो की रिमझिम, शून्य अंशाची हवा आत घेऊन २० अंशांवर तापवली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत येते आणि ती खोलीतलं पाणी शोषून घ्यायला मोकळी होते. ‘बाहेर पाऊस आहे, खिडकी उघडून ओल कशाला आत घ्यायची’ हा आपला विचार तिथे हिवाळ्यात चुकतो. खोलीतली ओल आपणच तयार केलेली असते: श्वास, आंघोळ, कुकरची वाफ, वाळत घातलेले कपडे. चार माणसांच्या घरात दिवसाला दहा-बारा लिटर पाणी हवेत जातं असं धरतात. खिडक्या रबरी पट्ट्यांनी इतक्या घट्ट बसवलेल्या असतात की हे पाणी आपण बाहेर काढल्याशिवाय जात नाही.

ते बसतं सर्वांत गार जागी. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, खिडकीचा काठ, कपाटामागची भिंत. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली गेला तर तिथे आर्द्रता ८० टक्क्यांवर पोहोचते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. भिंतीवर थेंब दिसायची वाट ती पाहत नाही.

उपाय रोजचा आहे. सकाळी उठल्याबरोबर हीटरची मूठ बंद करायची, कारण खिडकीतून येणारी गार हवा तिच्यावर पडली तर ती पाणी पूर्ण सोडते. मग खिडकी पूर्ण उघडायची, शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन. डिसेंबर-जानेवारीत पाच मिनिटं पुरतात, ऑक्टोबरात पंधरा लागतात. बाहेर जितकं गार तितका वेळ कमी. मग खिडकी बंद, मूठ पुन्हा ३ वर. एवढ्या वेळात हवा बदलते पण भिंती आणि सामान गार होत नाही, त्यामुळे खोली झटकन पुन्हा तापते. हे दिवसातून तीन-चारदा, शिवाय आंघोळ आणि स्वयंपाकानंतर लगेच. याला जर्मन लोक ‘ल्युफ्टन’ म्हणतात आणि भाडेकराराच्या कागदात ते लिहिलेलं असतं. तिथल्या खिडक्या वरून तिरप्याही उघडतात. ती फट दिवसभर ठेवणं हा नवख्यांचा आवडता मधला मार्ग, आणि सर्वांत वाईट. हवा फारशी बदलत नाही, खिडकीवरची भिंत मात्र दिवसभर गार होते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

आर्द्रता दाखवणारं यंत्र दहाएक युरोत मिळतं, ते पहिल्याच आठवड्यात घ्या. काटा ४० ते ६० मध्ये राहायला हवा. जुन्या, जाड दगडी भिंतींच्या घरात ५० च्या वर गेला की खिडकी. निजायची खोली गार ठेवून रात्री स्वयंपाकघराचं दार उघडून ‘तिकडची ऊब येऊ दे’ म्हणणं टाळा. ऊबेबरोबर वाफही येते आणि गार भिंतीवर बसते. दोन्ही खोल्यांमधलं दार बंद, आणि निजायच्या खोलीतही हीटर निदान २ वर. कामाला जाताना तो पूर्ण बंद करू नका, २ वर आणा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे. आणि गादी जमिनीवर टाकू नका. आपल्याकडे खाली निजण्यात काहीच गैर नाही, पण तिथे अंगाची रात्रभराची ओल गादीतून खाली उतरते आणि गार फरशीपाशी अडकते. महिन्या-दोन महिन्यांनी गादी उचलली की खाली काळे ठिपके. लाकडी पट्ट्यांचा पलंग जुन्या सामानात स्वस्तात मिळतो, तो आधी घ्या, टेबल नंतर.

कपडे धुताना यंत्र १२०० किंवा १४०० फेऱ्यांवर पिळू द्या. तरीही एका खेपेत दोनेक लिटर पाणी शिल्लक असतंच. पुष्कळ इमारतींच्या तळघरात कपडे वाळवायची खोली असते, तिची किल्ली मागून घ्या. खोलीतच वाळवायचे असतील तर दार बंद ठेवायचं, हीटर चालू ठेवायचा आणि अधूनमधून खिडकी उघडायची. रेडिएटरवर ओला टॉवेल टाकला तर ऊब अडते आणि वाफ वाढते.

एवढं करूनही डाग आलाच तर तारखेसह फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. फोनवर बोलणं नंतर कामाला येत नाही. डाग अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर ७० ते ८० टक्क्यांच्या अल्कोहोलने हातमोजे घालून पुसता येतो. खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. व्हिनेगर चुन्याच्या भिंतीला लावू नका. चुन्यामुळे त्याची आम्लता मरते आणि बुरशीला उलट खाद्य मिळतं. डाग त्याहून मोठा असेल तर ते काम माहीतगाराचं.

जानेवारीत बाहेर शून्याच्या खाली गेलं की चित्र पालटतं. काटा तिशीत येतो, ओठ फाटतात, नाकात खपली धरते, दाराच्या कडीला हात लागला की विजेचा बारीक झटका बसतो. तेव्हा खिडकी कमी वेळ उघडायची आणि अंगाला युरिया घातलेलं लोशन लावायचं, ते औषधी-प्रसाधनांच्या दुकानात सहज मिळतं. खोबरेल तेलाची बाटली नेली असेल तर ती बहुधा एप्रिलपर्यंत घट्टच राहील.

स्वयंपाक करताना आपल्या लोकांची गाठ आणखी एका गोष्टीशी पडते, ती छताला चिकटवलेली पांढरी डबी. निजायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धूरसूचक सर्व राज्यांत सक्तीचा आहे. स्वयंपाकघरात तो सहसा नसतो, पण विद्यार्थ्यांच्या एका खोलीत स्वयंपाक आणि झोप एकाच छताखाली. लाल मिरचीच्या फोडणीला तो लगेच ओरडतो. चुलीवरचा धूर ओढणारा पंखा फोडणीच्या आधीच लावा, खिडकी उघडा, आणि धूर घालवायला जिन्याकडचं दार कधीच उघडू नका. तिथली यंत्रणा सगळ्या इमारतीला जागं करते. सूचकावर पिशवी बांधणारे असतात. ते गुन्ह्यासारखं आहे. आणखी एक, बऱ्याच घरांतला चुलीवरचा पंखा हवा बाहेर फेकतच नाही, कोळशाच्या जाळीतून गाळून परत खोलीत सोडतो. वास कमी होतो, वाफ तशीच राहते. पंखा चालू आहे म्हणून खिडकी बंद ठेवलीत तर वरचं सगळं पुराण पुन्हा सुरू.

भरिताचं विचारणारे पुष्कळ. हिरवट-पांढरी मोठी वांगी तिथे नसतात. मिळतात ती काळी, चकचकीत, बहुधा स्पेन किंवा नेदरलँड्सची. चार-पाच ठिकाणी टोचून, तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये २२० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, शेवटची पाच मिनिटं वरच्या ग्रिलखाली. टोचलं नाही तर वांगं आत फुटतं. त्याला पाणी जास्त सुटतं, म्हणून चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. पात बाराही महिने मिळते. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात असतं. कळण्याची भाकरी हवी तर उडीद दळून घालावे लागतात. पऱ्हाट्यांवर भाजल्याचा वास येत नाही, ते मान्य करून टाकावं. पण तो आणायला खोलीत निखारे पेटवू नका, ऊब म्हणून शेगडीही नको. आपल्या घरात फटीफटींतून वारा खेळतो. तिथल्या घट्ट खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. बाल्कनीतली विझत आलेली शेगडीही आत आणायची नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात. अंगाला लागून सुती बनियन नको; घाम धरून ठेवते आणि बसमधून उतरल्यावर तीच ओल गारठवते. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक, मधला फ्लीसचा, बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा. एकच जाडजूड स्वेटर गैरसोयीचा, कारण गाडीत २२ अंश असतात आणि तो काढून हातात धरावा लागतो. जॅकेट आणि बूट तिथेच घ्या, असं आम्ही ठामपणे सांगतो. बूट अर्धा नंबर मोठे, लोकरी मोजा मावेल असे, तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा. पाय आवळले की रक्त फिरत नाही आणि कितीही मोजे घातले तरी बोटं गारच. रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग घरी आल्यावर कोमट पाण्याने पुसले नाहीत तर कातडं तडकतं.

रस्त्यावर पहिला घसरवणारा ऋतू बर्फाचा नसून पानांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओली पानं थरावर थर पडतात आणि सायकल त्यावरून सरळ निसटते. पानांखाली ट्रामचे रूळ असतील तर आणखी वाईट. रूळ नेहमी शक्य तितक्या काटकोनात ओलांडायचे. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, नाहीतर दंड. पुढे डिसेंबरात कोरडा बर्फ त्यामानाने सरळ असतो. घात करतो तो पहाटेचा पारदर्शक थर: जमीन गोठलेली आणि वरून पाऊस. तेव्हा पावलं छोटी, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर, आणि पूल ओलांडताना जास्त जपून, कारण पुलाला खालूनही वारा लागतो आणि तो आधी गोठतो.

गाडी असेल तर हिवाळी टायर. तिथे बोली हिशेब ऑक्टोबर ते ईस्टर असा आहे. कायदा तारखेवर नाही, रस्त्याच्या अवस्थेवर चालतो: बर्फ किंवा निसरडं असताना उन्हाळी टायरवर सापडलात तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमफुलाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. नुसतं एम-एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने आता धरत नाहीत. खाच कायद्याने निदान १.६ मिलिमीटर खोल हवी, पण ४ च्या खाली गेलेला टायर बर्फावर निकामीच. काच खरवडायची पट्टी दाराजवळ ठेवा आणि पूर्ण काच साफ करा, डोळ्यांपुरतं भोक पाडून निघालात तर दंड आहे. गरम पाणी ओतू नका, काच तडकते. काच धुण्याच्या टाकीत गोठणरोधक घाला. कुलपातला बर्फ वितळवायचा स्प्रे गाडीतच ठेवून स्वतः बाहेर अडकलेले दरवर्षी भेटतात. भारतीय परवाना तिथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा, तेव्हा हा परिच्छेद सगळ्यांना लागू होईलच असं नाही.

भाडेकरारात फुटपाथ साफ करण्याची पाळी लिहिलेली असेल तर ती गंमत समजू नका. साधारणपणे कामाच्या दिवशी सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत घरासमोरची एक-दीड मीटर रुंदीची वाट मोकळी हवी, रविवारी तासा-दोन तासांनी उशिरा. नेमके आकडे प्रत्येक गावाचे वेगळे. बर्फ पडत राहिला तर पुन्हा काढायचा. मीठ टाकायला बर्लिन-हॅम्बुर्गसारख्या शहरांत खाजगी माणसाला मनाई आहे, वाळू किंवा बारीक खडी टाकतात. कोणी घसरून पडलं तर भरपाई पाळीवाल्याच्या गळ्यात येऊ शकते, म्हणून दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा खाजगी विमा पहिल्याच महिन्यात काढून घ्यावा. हिवाळ्यात गावाला जाणार असाल तर पाळी शेजाऱ्याशी बदलून घ्या आणि तसं लिहून ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता घड्याळ २ वर येतं. खानदेशातल्या घरापासूनचं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांचं होतं, हे आईला आधीच सांगून ठेवा. संध्याकाळ अचानक तासभर अलीकडे येते. डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरते त्या दिवसांत बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंशांवर असतो. जळगावचा सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांहून मोठा. ऑक्टोबर ते मार्च त्या उन्हातून कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि सावळ्या कातडीला तर अधिकच ऊन लागतं. आतून तयार होत नसेल तेव्हा रोज २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, ही तिथली शिफारस. इकडून आठवड्याच्या साठ हजारी गोळ्या नेऊन अंदाजाने घेत बसू नका, रक्त तपासून डॉक्टरांना विचारा. दुपारी अर्धा तास बाहेर पडा, ढग असले तरी. ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. दोन-दोन आठवडे उठावंसं वाटत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर ‘घरची आठवण येते’ म्हणून दडपू नये. तिथले डॉक्टर हा त्रास रोज पाहतात.

दिवाळीला पणत्या लावा, पण फटाके नाहीत. ते ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात, आणि विक्रीही वर्षाच्या अखेरच्या तीन दिवसांतच. २४ डिसेंबरला दुकानं दुपारी मिटतात, २५-२६ ला पूर्ण बंद, त्याला रविवार जोडून आला तर तीन दिवसांचं दूध-भाजी आधी भरावं लागतं.

आणि ३१ डिसेंबरला एक काम. प्रत्येक रेडिएटरवर छोटं मोजयंत्र बसवलेलं असतं, त्यावरचा आकडा फोटोत घ्या. घरात शिरताना घेतलेला फोटो त्याच्या जोडीला ठेवा. घरभाड्याबरोबर हीटरपोटी दरमहा कापलं जातं ते आगाऊ असतं. खरा हिशेब हिशेबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत येतो, आणि तोवर पोरगं दुसऱ्या शहरात गेलेलं असतं. निघताना घरमालकाकडे नवा पत्ता द्या आणि दोन-तीनशे युरो बाजूला ठेवा. आकडा जुळत नसेल तर हिशेब हाती आल्यापासून बारा महिन्यांत लेखी हरकत घेता येते.